'टाइम'साठी शब्द : वेळ की काळ?

सतराव्या शतकातला इंग्रज कवी अँड्र्यू मार्व्हेल याची 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' ही लाजऱ्या प्रेयसीला उद्देशून लिहिलेली कविता मराठीत आणतोय. पहिल्या ओळीतल्या 'टाइम'ला 'काळ' म्हटलं : 'जग पुरेसं असतं, काळ पुरेसा असता, तर...' कानाला खटकतं. 'वेळ' केलं की पुढे 'टाइम'च्या पंखांच्या रथापाशी अडतं. कवितेत एकच शब्द हवा ना?

▪ एकाच शब्दाचा हट्ट सोडा. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण आठवा. वेळ आपण काढतो, देतो, घालवतो. काळापुढे आपलं काही चालत नाही, शिवाय तो यमही आहे. मार्व्हेल सुरुवातीला वेळाचीच चैन करतो : तू गंगेकाठी माणकं वेच, मी इंग्लंडातल्या हंबरकाठी विरह गातो; डोळ्यांच्या स्तुतीला शंभर वर्षं, एकेका स्तनाला दोनशे, उरलेल्या देहाला तीस हजार! २१व्या ओळीत 'पण' येतो, आणि पाठीमागून रथ ऐकू येतो. तिथे काळच.

▪ थोडी दुरुस्ती. म्हणीतली 'ती वेळ' म्हणजे नेमकी घटका. पहिल्या ओळीत हवा 'तो वेळ', म्हणजे अवधी : 'पुरेसा वेळ'. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण तिसऱ्या भागात 'नाउ', 'नाउ' असा धोशा आहे. तिथे 'हीच वेळ' म्हणता येईल. आधी तो वेळ, मग काळ, मग ती वेळ.

▪ खरी कसोटी शेवटाकडे आहे. शिकारी पाखरांसारखा आपला 'टाइम' आपणच गिळून टाकू, त्याच्या 'स्लो-चॅप्ट' सत्तेत झुरत राहायला नको, असं तो म्हणतो. 'चॅप्स' म्हणजे जबडे, सावकाश चघळणारे. आपल्याकडे काळाची दाढ तयारच आहे. पण 'वेळ खाऊ' लिहिलंत तर घात होईल; वेळ खाणं म्हणजे तो वाया घालवणं. मी असं करीन : 'त्याच्या दाढेखाली कणाकणानं रगडलं जाण्याआधी आपणच काळाचा घास घेऊ.'

मार्व्हेलच्या आधीचा इंग्रज कवी जॉन डनही इथे उपयोगी पडेल. 'द सन रायझिंग'मध्ये तास, दिवस, महिने म्हणजे 'रॅग्ज ऑफ टाइम'. तेही 'काळाच्या चिंध्या'च. प्रेमाच्या अंगावर त्या नाहीत, असा त्याचा दावा. (डनच्या प्रेमकविता १६३३ला छापल्या गेल्या, मार्व्हेलची ही १६८१ला. दोघेही तेव्हा हयात नव्हते. हे आठवलं की या ओळी मला जास्तच लागतात.)

▪ मूळ प्रश्न माझाच. 'पुरेसा वेळ' केलं, ओळ लगेच बसली. आता पहिल्या भागातलं 'व्हेजिटेबल लव्ह'. भाजी हा अर्थ नंतर रुळला. इथे वनस्पतीतली नुसती वाढत राहणारी जीवशक्ती आहे, साम्राज्यांहून विशाल आणि त्यांच्याहून संथ. जीवांच्या चार खाणींतला 'उद्भिज्ज' (जमीन फोडून उगवणारा) घेतलाय. जड होतो का?

▪ होतो. 'झाडाच्या चालीनं वाढणारं प्रेम' करून पाहा. ओळ लांबेल, पण त्या भागात वेळच वेळ आहे.