आधी घरं, मग वीजकेंद्रं

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एवढा नैसर्गिक गॅस निघतो, तरी जवळच्याच बॉस्टनला हिवाळ्यात वीज महाग म्हणजे कंपन्यांची लूटच, असं बरेच जण म्हणतात. लूट अजिबात नसेल असं नाही, पण खरी अडचण नळाची आहे. न्यू इंग्लंडची, म्हणजे बॉस्टन ज्यात येतं त्या ईशान्येकडच्या राज्यांची, साधारण निम्मी वीज गॅसवर आणि तो आणणाऱ्या पाइपलाइन मोजक्या. घरं तापवणाऱ्या कंपन्यांनी त्यातली जागा आधीच पैसे मोजून राखलेली असते. बरीचशी वीजकेंद्रं उरल्यासुरल्यावर भागवतात. पारा उणे पंधरावर गेला की उरतच नाही. गॅसचा भाव भडकतो, त्यामागोमाग विजेचा. ऑक्टोबरात हाच गॅस स्वस्त असतो.

यातली गंमत म्हणजे जानेवारी २०१८. दोन आठवडे कडाक्याची थंडी, केंद्रांनी गॅस सोडून तेल जाळायला घेतलं, आणि बॉस्टनशेजारी एव्हरेटला द्रवरूप गॅसचं जहाज लागलं, त्यात काही माल चक्क रशियाच्या यमालचा! अमेरिकेतल्याच लुइझियानातून त्याच सुमारास गॅसची जहाजं भरून परदेशी जात होती. पण १९२० च्या जोन्स कायद्यानुसार दोन अमेरिकी बंदरांमध्ये माल न्यायला जहाज अमेरिकेत बांधलेलं लागतं, आणि तसं गॅसवाहू जहाज नव्हतंच.

आमच्या तळघरात घर तापवायच्या तेलाची टाकी आहे. त्या थंडीत काटा पावाच्या खाली, रोज सकाळी टॉर्च घेऊन बघायचो. टँकरवाला चार दिवसांनी उगवला. म्हणाला, सगळ्यांना एकदमच हवंय.