सापडलं नाही तर उणे १? कशासाठी?

काटेकोर:
'अक्षर न सापडल्यास फाइंड उणे १ देतं, त्यामुळे कोड सुटसुटीत राहतो' असं कालच्या पोस्टमध्ये ठासून सांगितलंय. डोकं फिरलं. फाइंड म्हणजे मजकुरातली जागा शोधणारी आज्ञा, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत जागा ० पासून मोजतात, तर उणे १ हा चालणारा इंडेक्स (जागेचा क्रमांक) आहे, शेवटच्या अक्षराचा! मजकुरात स्वल्पविराम नसताना फाइंडने दिलेल्या जागेपर्यंतचा भाग कापलात, तर शेवटचं अक्षर गुपचूप छाटलं जातं. एररही येत नाही. फाइंड थेट 'इफ'मध्ये (खरं-खोटं तपासणाऱ्या अटीत) टाकलं तर उफराटा न्याय: पहिल्याच जागी सापडलं तर ० म्हणजे खोटं, सापडलंच नाही तर उणे १ म्हणजे खरं. आहे-नाही एवढंच बघायचं तर 'इन' वापरा. जागा हवी तर इंडेक्स नावाची आज्ञा घ्या, न सापडल्यास ती निदान व्हॅल्यूएरर तरी फेकते.

सुटसुटीत:
पोस्ट माझीच. म्हणजे जिथेतिथे ट्राय-एक्सेप्ट (एरर झेलणारा कोड) गुंडाळत बसायचं? उणे १ आहे का एवढं तपासायचा आळस तुमचा, खापर फाइंडवर. आणि कापायचंच असेल तर पार्टिशन आहे की, चिन्हापाशी मजकुराचे तीन तुकडे करणारं. चिन्ह नसेल तर अख्खा मजकूर आणि दोन रिकामे तुकडे मिळतात.

रकानेवाला:
हे सगळं पायथॉनवाल्यांचं दुखणं. एक्सेलातल्या फाइंडमध्ये मोजणी १ पासून, न सापडल्यास सरळ व्हॅल्यू एरर. शोधताना मजकुराच्या शेवटी तेच चिन्ह जोडून द्या, एररही टळते. लोक चुकतात ते एक्सेलच्याच सर्च या दुसऱ्या सूत्रात. त्यात प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर', म्हणून उत्तर कायम १. आधी टिल्ड (~) लावा, नाहीतर फाइंड वापरा.

अर्धा र:
० की १ वरून भांडताय, पण मोजताय काय? 'वाऱ्यावर'मध्ये 'वर' शोधा. ऱ एकाच कोडचा (संगणकातल्या अक्षर-क्रमांकाचा) असेल तर पायथॉन ६ सांगेल. साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असेल तर ७. र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असेल तरी ७. पडद्यावर तिन्ही सारखेच.

काटेकोर:
धागा उणे १ वर आहे. फाटे फोडू नका. एनएफसी करा की (युनिकोड या अक्षर-कोडांच्या मानकातली, रूपं एकसारखी करायची पद्धत), संपलं.

अर्धा र:
नाही संपत! एनएफसी नुक्तावाला ऱ जोडून देईल, झेडडब्ल्यूजेला हात लावणार नाही. तो वेगळा बदलावा लागतो. आणि 'वाऱ्यावर'मध्ये नुसता 'र' शोधलात तर पहिल्या रूपात ७, उरलेल्या दोन्हींत २. आता सांगा, ट्राय-एक्सेप्टने काय साधलं?

सुटसुटीत:
मग ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणारे कोडचे गट, मोजा ना.

अर्धा र:
कुठल्या आवृत्तीचे? 'क्षत्रिय'मध्ये कोड ८. युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांनी क्लस्टर ५, २०२३ च्या त्या आवृत्तीपासून ३. लायब्ररी बदलली की जागा सरकली.

काटेकोर:
बरं बाबा, उणे १ पेक्षा हे जास्त छळणारं आहे. मानलं. आधी मजकूर एकसारखा करून मगच शोधू, झालं समाधान?

अर्धा र:
अर्धं. ती जागा बदललेल्या मजकुरातली आहे. तिने मूळ मजकूर कापू नका.