म्यानमार २०२१: 'तीव्र चिंते'च्या पुढे काय झालं?

प्रश्न
१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली, मग निदर्शकांवर गोळ्या चालवल्या. जगाने निवेदनांतून 'तीव्र चिंता' व्यक्त केली, संयुक्त राष्ट्रसंघात ठराव झाला, तरी लष्कराकडे शस्त्रं जातच राहिली. असं कसं?

उत्तर १
कारण १८ जून २०२१ चा तो ठराव आमसभेचा होता. बाजूने ११९, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६. त्यांत चीन, रशिया आणि भारतही. म्यानमारकडे शस्त्रं जाऊ देऊ नका असं त्यात म्हटलंय, पण ते आवाहन, बंधन नव्हे. सक्तीची शस्त्रबंदी सुरक्षा परिषदच घालू शकते आणि तिथे चीन-रशियाकडे नकाराधिकार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेने ठराव २६६९ केला (१२ बाजूने, हेच तिघे तटस्थ), पण त्यातही शस्त्रबंदी नाही.

उत्तर २
निवेदनांपेक्षा पैशाकडे बघा. उठावानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत) ठेवलेले म्यानमारचे सुमारे १ अब्ज डॉलर काढायचा लष्कराकडून प्रयत्न झाला, तो तिथेच अडवला गेला. मार्चमध्ये अमेरिकेने लष्कराच्या एमईएचएल आणि एमईसी या दोन उद्योगसमूहांवर निर्बंध घातले. परकीय चलनाचा सगळ्यात मोठा झरा मात्र नैसर्गिक वायू. तो विकणाऱ्या एमओजीई या सरकारी तेल-वायू कंपनीवर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्बंध घातले, आणि अमेरिकेने तिला मिळणाऱ्या वित्तीय सेवा तोडायची घोषणा केली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. इतका उशीर अक्षम्य आहे. जो नळ आधी बंद करायचा, तोच शेवटी.

प्रश्नकर्ता
आणि आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांची संघटना?

उत्तर ३
२४ एप्रिल २०२१ ला जकार्तात पाच कलमांवर एकमत झालं: हिंसा थांबवा, संवाद, विशेष दूत, मानवतावादी मदत, दूताची भेट. मुदत नाही, न पाळल्यास शिक्षाही नाही. म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आँग लाइंग यांनी परतल्यावर ते गुंडाळूनच ठेवलं. ऑक्टोबरच्या आसियान शिखर बैठकीला त्यांना बोलावलं नाही, एवढीच काय ती कारवाई.

उत्तर २
लष्करी राजवटीला मान्यता द्यायची की नाही, हा मुद्दा राहिला. काही पाश्चात्त्य देशांनी नवा राजदूत न नेमता प्रभारी अधिकाऱ्यावर काम चालवलं. राजदूताला अधिकारपत्र राष्ट्रप्रमुखाच्या हाती द्यावं लागतं, म्हणजे इथे लष्कराच्या माणसाच्या. प्रभारीला ते लागत नाही. राष्ट्रसंघातही तसंच: तिथले म्यानमारचे राजदूत चॉ मो टुन यांनी २६ फेब्रुवारी २०२१ ला आमसभेत तीन बोटं उंचावली (निदर्शकांची विरोधाची खूण), लष्कराने लगेच त्यांना काढल्याचं जाहीर केलं. पण देशाचा प्रतिनिधी कोण हे तपासणाऱ्या राष्ट्रसंघाच्या अधिकारपत्र समितीने निर्णय पुढे ढकलला, त्यामुळे खुर्ची त्यांच्याकडेच राहिली.