मदत हवी आहे: भयकथा सुचवा, पण नातं मुरलेलं हवं

मंडळी, सध्या माणसांचाच शीण आलाय. लग्नसराई, ऑफिसातल्या पार्ट्या, सोसायटीची मीटिंग... घरी आलं की फक्त भयकथा वाचावीशी वाटते. (भुतं निदान "मग, काय विशेष?" विचारत नाहीत.)

नुकतीच ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' पुन्हा वाचली. लोक काउंटबद्दल, म्हणजे रक्तपिपासू ड्रॅक्युलाबद्दल बोलतात, मला मात्र जोनाथन आणि मीना हे जोडपंच भावतं. तो बुडापेस्टच्या रुग्णालयात आजारी असताना ती तिथेच त्याच्याशी लग्न करते. सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारीखवार लावते, त्यातूनच शत्रूचा माग लागतो. पुढे ती स्वतः पिशाच्च होण्याची वेळ येते, तेव्हा हा डायरीत लिहितो की त्या अंधारात तिला एकटीला जाऊ देणार नाही. काही चित्रपटांनी मीनाला काउंटच्याच प्रेमात पाडलंय, ते मला साफ नामंजूर!

तर मराठीत असं काही आहे का? नारायण धारपांच्या समर्थकथा (दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थ' या नायकाच्या) वाचून झाल्यात. नवरा-बायको, भावंडं, मैत्रिणी, कुणीही चालेल, फक्त शेवटी एकाला उगाच मारलेलं नको. ऑडिओबुकही चालेल. आणि कृपया "फोन करून सांगते" नको, इथेच लिहा.