एनसी लिहून घेतली म्हणजे विषय संपत नाही

'नवऱ्याने मारलं तरी ठाण्यात एनसीच लिहून घेतात, पुढे काही होत नाही,' असं एका ताईंनी लिहिलंय. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. दापोलीकडे आमच्या वाडीतल्या वहिनींचंही तेच झालं. बांगड्या फुटून मनगटात काच रुतलेली, आणि हातात एनसीचा कागद.

साधी मारहाण अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत, हे खरं. पण नवऱ्याच्या, सासरच्यांच्या क्रूरतेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे, म्हणजे जुनं 498-अ. ते अजामीनपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत आणि दंड. म्हणून तक्रारीत त्या एका रात्रीचंच नको, आधीचंही सगळं सांगा. अटक लगेच होईलच असं नाही. सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच आवर घातलाय.

2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वेगळा. नवरा मुंबईला असला तरी माहेरी आलेली बाई माहेरच्याच कोर्टात संरक्षणासाठी अर्ज करू शकते. वहिनींना हे कुणी सांगितलंच नव्हतं, याचं फार वाईट वाटतं. कोर्टाचा संरक्षण आदेश, म्हणजे पुन्हा त्रास देऊ नको असा हुकूम, मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सरकारी दवाखान्यातला जखमेचा कागद कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.