वळचणीकडचे वासे सडलेत, बदलायचे की जोड द्यायचा?

गिरणाकाठ: राम राम मंडळी. चाळीसगाव तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, मातीच्या भिंती, सागवानी वासे, वर मंगलोरी कौलं. मागच्या खोलीत वळचणीकडचे तीन वासे भिंतीवर टेकतात तिथेच खराब झालेत, पेचकस टोचला की बोटभर आत जातो, लाकूड काळं पडून चौकोनी ढलप्या निघताहेत. वरचा भाग ठोकला तर खणखणीत वाजतो. आई त्याच खोलीत झोपते त्यामुळे घोर लागलाय. मिस्त्री म्हणतो सगळं उतरवा न पत्रे टाका. मला कौलंच ठेवायचीत. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) मृगापर्यंत उरकेल का?

रंधा_पारोळा: भाऊ, चौकोनी ढलप्या म्हणजे ही पाण्याने आलेली सड आहे, वाळवी नाही. वाळवी असती तर भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या असत्या, आणि पक्क्या सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, आधी बाहेरचं पांढरं लाकूड खाते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे पाणी कुठून येतं ते शोधा, फुटकं कौल असेल नाहीतर वळचणीचं पाणी भिंतीत मुरत असेल, ते बंद केलं नाही तर नवा वासाही तसाच जाईल.

वासे पूर्ण काढायची गरज नाही. आईंची खाट आजच दुसऱ्या खोलीत हलवा. मग त्या भागातली कौलं आढ्याकडून खाली उतरवत या, एकेक कौल अडीच-तीन किलोचं असतं, शंभर उतरवली तरी केवढा भार कमी होतो बघा. वाशांखाली आडवी फळी घालून टेकू द्या, टेकूच्या बुडाशी जाड फळी ठेवा नाहीतर तो जमिनीत रुततो. वासा खाली आलेला असेल तर जॅकने रोज थोडा थोडा उचला, एकदम उचलला तर मातीची भिंत तडकते.

सड दिसते त्याच्याही पुढे फूटभर कापून टाका. मग वाशाच्या बगलेला तेवढ्याच उंचीचं नवं सागाचं लाकूड लावा, चांगल्या लाकडावर निदान तीन फूट चढलं पाहिजे. 12 एमएमचे नटबोल्ट, मोठे वायसर, आणि भोकं एका रेषेत नको, खालीवर घ्या, एका रेषेत लाकूड चिरतं. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नका.

भुसावळकर: एवढी खटपट कशाला, पत्रे टाका, दोन दिवसांत मोकळे. लाकूड काय भाव झालंय माहितीय ना.

रंधा_पारोळा: दादा, तुमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, दुपारी पत्र्याखाली बसून बघितलंय का? म्हाताऱ्या माणसाला त्या भट्टीत झोपवायचं? तीन वाशांच्या टोकांसाठी अख्खं छप्पर घालवायचं मला तरी पटत नाही. आणि लाकूड जुनं घ्या, पाडलेल्या वाड्यांचं सागवान मिळतं, मुरलेलं असतं, वाकत नाही. फक्त घेताना खिळे आणि भोकं तपासा, भोकातून पिठासारखा भुसा पडत असेल तर ते किडलेलं आहे, घेऊ नका.

गिरणाकाठ: लई उपकार दादा. तुम्ही म्हणता तसं बघितलं, वळचणीला दोन कौलं चिरलीत, बरोबर त्याच वाशांवर. भिंतीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावू का?

रंधा_पारोळा: लाकूड पूर्ण सुकलं असेल तरच लावा, आणि कापलेल्या तोंडाला लावू नका, ओल आत कोंडते. टोक सपाट दगडावर टेकवा, मातीवर नको, आणि भोवती बोटभर फट मोकळी ठेवा, माती-सिमेंटने लिंपून बंद करू नका, हवा लागली पाहिजे. वाशावरून लाइटची वायर गेली असेल तर कामाआधी मेन स्विच पाडा. ताडपत्री जवळ ठेवा, वळवाचा भरोसा नाही.