‘पूल शंभर वर्षांचा झाला, पाडा’ हे कारण पुरेसं नाही

फॅब्रिकेशनवाला

आपल्या शहराचे रेल्वेमुळे दोन भाग झालेत. त्यामुळे रुळांवरून रस्ता नेणारा जुना रेल्वे पूल पाडायचा की ठेवायचा, हा विषय सोलापुरात सतत निघतो. तो निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "इंग्रजांच्या काळातला आहे, शंभरी भरली." मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. लोखंडाला वाढदिवस नसतो. त्याचं आयुष्य गंज, भार आणि भेग या तीन गोष्टींवर ठरतं, आणि तिन्ही मोजता येतात.

सिडनीचा हार्बर ब्रिज घ्या. १९ मार्च १९३२ ला खुला झाला. पोलादाची एकच कमान, लांबी ५०३ मीटर. सगळं मिळून सुमारे ५२,८०० टन पोलाद आणि ६० लाखांच्या आसपास रिव्हेट (पट्ट्या जोडायला तापवून ठोकलेले खिळे). आजही त्यावरून आगगाड्या, बस, मोटारी, माणसं सगळं जातं. तो टिकला याचं निम्मं श्रेय कमानीच्या रचनेला आणि निम्मं रोज त्यावर चढणाऱ्या माणसांना आहे.

आधी रचना. साधा गर्डर, म्हणजे आडवी तुळई, भाराखाली वाकतो : वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. भेग वाढते ती ताणात. कमानीत भार मुख्यतः दाबाच्या रूपात खाली उतरतो आणि दोन्ही टोकांना बाहेर रेटा देतो. सिडनीत हा रेटा चार बेअरिंगवर, म्हणजे कमान जिथं टेकते त्या टेकूंवर येतो, प्रत्येकावर जवळपास २०,००० टन. तिथे मोठ्या पिना आहेत, त्यामुळे कमान टोकाशी किंचित फिरू शकते. उन्हाने पोलाद फुगलं की कमानीचा माथा १८ सेंटिमीटरपर्यंत वर उचलला जातो आणि थंडीत परत खाली येतो. ही हालचाल अडली तर पूल स्वतःलाच तोडेल. म्हणून बेअरिंगमध्ये माती, गंज साचू न देणं हे रंगापेक्षाही मोठं काम आहे. (फोटोत दिसणारे ते भव्य दगडी मनोरे कमानीचा भार घेत नाहीत, ते शोभेचे आहेत. कमान त्यांच्या पायथ्याशी टेकते.)

आता देखभाल. रंगवायचं क्षेत्रफळ ४ लाख ८५ हजार चौरस मीटर. पहिल्या तीन हातांनाच २ लाख ७२ हजार लिटर रंग लागला होता. रंग हा पोलादाचा श्वास रोखणारा थर आहे, तो फुटला की तिथून पाणी आणि हवा आत शिरते. जुन्या रंगात शिसं असल्यामुळे नुसतं खरवडून चालत नाही, झाकून, धूळ गोळा करून काढावा लागतो. २०१३ पासून तिथे ब्लास्टिंगसाठी (जोराचा मारा करून जुना रंग उडवायला) रोबोटही वापरतात.

आणि पुलाचा वापर बदलता येतो. १९५८ मध्ये तिथल्या ट्राम बंद झाल्या आणि त्यांच्या जागी मोटारींच्या लेन आल्या. पूल तोच. अमेरिकेत सेंट लुईसचा ईड्स ब्रिज १८७४ चा आहे. मोठ्या पुलात पोलाद वापरण्याची ती सुरुवात. १९७४ मध्ये त्यावरच्या रेल्वेगाड्या थांबल्या, १९९३ पासून त्याच डेकवरून (पुलाच्या मजल्यावरून) शहरातली हलकी रेल्वे धावते. २०१६ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती पूर्ण झाली. तो बांधणाऱ्या अभियंता ईड्सने मुळातच अशी मांडणी केली होती की कमानीचा कोणताही तुकडा काढून बदलता यावा.

माझं म्हणणं एवढंच : पाडायचा तर पाडा, पण आधी उरलेल्या लोखंडाची जाडी मोजा, भार मोजा आणि आकडे लोकांपुढे ठेवा. सालावरून निकाल देऊ नका.

जुळे सोलापूरकर

काय ओ, सिडनी कुठं आणि आपण कुठं! त्या पुलावर टोल आहे. पुलाचं कर्ज १९८८ ला फिटलं, तरी टोल चालू आहे आणि तो पैसा देखभालीला मिळतो. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं जुन्या लोखंडाला रंग द्यायला दरवर्षी पैसे कोण काढणार? नवीन पुलाला एकदाच निधी मिळतो, वरून येतो, काम होतं. देखभालीचा निधी हा कागदावरच राहतो, हे तुम्हालाही माहीत आहे. ज्या व्यवस्थेत रंगाचा डबा वेळेवर येत नाही, तिथं रंगावर जगणारी वस्तू ठेवायचीच कशाला? काँक्रीटचा पूल बांधा, मोकळे व्हा.

फॅब्रिकेशनवाला

काँक्रीटच्या आत लोखंडच असतं, दादा. फरक एवढाच की तिथला गंज डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो तेव्हा वरचं काँक्रीट फुगून पडायला लागलेलं असतं. पोलादी पूल निदान आपलं दुखणं बाहेर दाखवतो. मोकळं कोणीच होत नाही.

ब्रिज_निवृत्त

मी रेल्वेच्या पुलांच्या कामात आयुष्य काढलं आहे, आणि धागाकर्त्याशी मी सहमत नाही. माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे.

पहिलं, दुखणं बाहेर दिसतं हे अर्धंच खरं. रिव्हेट मारलेल्या दोन पट्ट्यांच्या मधे पाणी शिरलं की आत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि पट्ट्या एकमेकींपासून फाकवतो. बाहेरून रंग चकचकीत, आत कागदाएवढं लोखंड. आम्ही रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूला हातोडी मारायचो. सैल असेल तर बोटाला कळतं. पण हे हात जिथं पोचतो तिथंच. जुन्या पुलांत हात न पोचणाऱ्या जागा भरपूर.

दुसरं, रेल्वेवरचे जुने पूल नेहमी अशक्त म्हणूनच पाडतात असं नाही. ते वाफेच्या इंजिनांच्या काळात बांधलेले. आता खालून २५ हजार व्होल्टची तार जाते, तिला उंची लागते. शिवाय नवीन रूळ टाकायचे तर दोन खांबांमधलं अंतर पुरत नाही. पूल ठणठणीत असला तरी तो वाटेत येतो. यावर रंगाचा उपाय नाही.

तिसरं, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल. कमानीच्या आकाराचा पोलादी ट्रस (त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा), १९६७ चा. नियमित तपासणी होत होती, गंजाच्या नोंदी होत्या. १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळच्या गर्दीत नदीत कोसळला, १३ माणसं गेली. चौकशीत निघालं की सांध्याच्या गसेट प्लेट (दांडे एकत्र धरणारे पत्रे) मूळ डिझाइनमध्येच पातळ धरल्या होत्या, लागणाऱ्या जाडीच्या जेमतेम निम्म्या. चाळीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. तपासणारा माणूस गंज शोधतो, ड्रॉइंगमधली चूक शोधत नाही. तेव्हा ‘मोजा आणि ठेवा’ इतकं सोपं नसतं.

फॅब्रिकेशनवाला

काका, मिनियापोलिसचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो तुमच्या बाजूने जातो असं मला वाटत नाही. त्या पुलावर मधल्या काळात काँक्रीटचा जादा थर चढवला होता, आणि पडला त्या दिवशी दुरुस्तीच्या कामाची खडी-वाळू नेमकी नाजूक भागावर रचून ठेवली होती. म्हणजे भार वाढवताना कोणी मूळ गणित पुन्हा मांडलं नाही. आपल्याकडे तेच होतं. डांबराचा थर, त्यावर थर, कडेने पाण्याची पाईप, केबलची पाईप. प्रत्येक खातं आपलं ओझं पुलावर टाकून निघून जातं. जुना पूल ठेवायचा तर प्रत्येक सांध्याचं गणित नव्याने करायचं, हे मी ‘भार मोजा’मध्येच धरतो.

तारेच्या उंचीचं म्हणाल तर मान्य. तिथं पूल पाडणं हेच उत्तर असेल. पण मग लोकांना तसं सांगा की "उंची पुरत नाही." "शंभर वर्षं झाली" असं सांगितलं की लोक उद्या प्रत्येक जुन्या बांधकामाला तोच न्याय लावतात.

दोन मुलांची आई

तुमची चर्चा वाचते आहे. मुलांची स्कूलबस रोज पुलावरून जाते, म्हणून मला यातल्या गणितापेक्षा भीती जास्त कळते. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीचा पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. गेल्या वर्षी म्हणा, परवा म्हणा, १५ जून २०२५ ला पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. तो धोकादायक आहे हे आधीच सांगितलेलं होतं, फलकही होता. मग फलक लावून काय झालं? "आधी मोजू, मग ठरवू" या मधल्या काळात माणसं मरतात. मला जुना पूल वाचवण्यात रस नाही. शंका असेल तर बंद करा, पाडा.

स्थापत्य_शिकवते

ताई, तुमची भीती रास्त आहे. दोन्ही घटनांत काय घडलं ते मात्र वेगळं करून पाहायला हवं. सावित्रीचा पूल दगडी होता आणि घात पुराच्या पाण्याने झाला. असा धोका वरून रस्ता पाहून कधीच कळत नाही, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याखालचा पाया तपासावा लागतो. कुंडमळ्याचा पूल लोखंडी, गंजलेला, आणि रविवारी त्यावर नको तेवढी गर्दी. तिथं जाडी मोजायची गरजच उरली नव्हती, फक्त वाट अडवायची होती. ती अडवली नाही.

कमानीबद्दल एक भर घालते. धागाकर्त्याने कमानीत भार दाबाने जातो म्हटलंय, ते मुख्य कमानीपुरतं. कमानीला खाली डेक लटकवलेला असेल तर ते लटकते दांडे ताणात असतात, आणि पाणी, घाण सगळी त्यांच्या तळाशी जमते. कोलकात्याचा हावडा ब्रिज (१९४३, तो कमान नाही, कँटिलिव्हर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुढे काढलेल्या हातांवर तोललेला) याचं उदाहरण आहे. त्याच्या दांड्यांचे तळ पान-गुटख्याच्या पिंकांनी इतके खाल्ले गेले की त्यांना फायबरचं आवरण घालावं लागलं. आपल्या शहरात कुठल्याही पुलाचा कठडा बघा आणि सांगा हा प्रश्न दूरचा आहे का.

उन्हाचंही बोलायला हवं. सोलापुरात जानेवारीची पहाट १५ अंश, मे महिन्यातली दुपार ४३. हा २८ अंशांचा फरक १०० मीटर पोलादाला सुमारे ३४ मिलिमीटर वाढवतो. हे फक्त हवेचं तापमान झालं, उन्हातला पत्रा त्याहून तापतो. म्हणजे एक्सपान्शन जॉइंटची, पोलादाला फुगायला सोडलेल्या सांध्याची, फट ही पुलाची गरज असते. पण आपल्याकडे गाडी आदळते म्हणून ती फट डांबराने बुजवतात! मी हे एकापेक्षा जास्त पुलांवर पाहिलं आहे आणि दर वेळी जीव तळमळतो. फट बुजवली की वाढायला जागा शोधत पोलाद बेअरिंगला आणि भिंतीला रेटतं.

जुळे सोलापूरकर

मॅडम, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. जे लोक फट बुजवतात, तेच लोक जुना पूल सांभाळणार. इंग्लंडसारख्या देशात न्यूकॅसलचा टाइन ब्रिज बघा. १९२८ ची पोलादी कमान, सिडनीचा पूल बांधणाऱ्या डॉर्मन लाँग कंपनीनेच बांधलेली. २००१ नंतर मोठी देखभाल नाही, गंज सगळ्या गावाला दिसत होता, शेवटी २०२४ ला काम काढलं. त्यांना जमत नाही, आपल्याला जमेल? आणि नवीन बांधायची ताकद आपल्यात आहे. काश्मीरच्या रेल्वेमार्गावरची चिनाब नदीवरची कमान ४६७ मीटर, नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंच, जून २०२५ मध्ये गाड्या सुरू झाल्या. ती जमते तर शहरातला एक पूल का नाही?

फॅब्रिकेशनवाला

चिनाबचा मलाही अभिमान आहे. पण ती कमान १२० वर्षांच्या आयुष्यासाठी धरली आहे, आणि ते आयुष्य पोलाद आपोआप देत नाही. तिथेही कोणीतरी रंग बघायला, बोल्ट तपासायला चढणार आहे. जे खातं शंभर मीटरच्या पुलावर माणूस चढवत नाही, ते तिथे चढवेल हे कशावरून? देखभालीची सवय लहान पुलावरच लागते.

टाइनचं उदाहरण मी उलटं वाचतो. इतकी वर्षं हयगय होऊनही त्यांनी पूल पाडला नाही, दुरुस्तीला घेतला. कारण गंजलेला भाग कापून नवी प्लेट जोडता येते. आम्ही साखर कारखान्यांच्या जुन्या शेडमध्ये हेच करतो : सैल रिव्हेट काढायचा, भोक साफ करायचं, हाय टेन्साइल बोल्ट आवळायचा. तापवून रिव्हेट मारणारे हात आता मिळत नाहीत, पण बोल्ट आहेत. हे काम सोलापुरात होऊ शकतं, इथली पोरं करू शकतात.

ब्रिज_निवृत्त

शेडवरून गाड्या धावत नाहीत, हे लक्षात ठेवा. शेडमध्ये भार स्थिर असतो. पुलावर प्रत्येक गाडीगणिक ताण चढतो-उतरतो, लाखो वेळा. त्यातून सांध्याच्या कडेला केसाएवढी भेग जन्मते. तुमचा बोल्ट चुकीच्या आवळणीने बसवला तर तीच भेग लवकर येते. दुरुस्तीने पूल बिघडलेले मी पाहिले आहेत. म्हणून माझा आग्रह : दुरुस्ती करायची तर ती पुलाचंच काम करणाऱ्याकडून, नाहीतर करू नका.

पण एका बाबतीत तुमच्या बाजूने येतो. अमेरिकेत १९६७ मध्ये सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं मेली, त्यानंतर तिथे पुलांची साधारण दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे रेल्वेच्या पुलांच्या नोंदी असतात, मी स्वतः लिहिल्या आहेत. त्या लोकांना दाखवायला हरकत नसावी. पुलाच्या तोंडाशी एक पाटी लावा : शेवटची तपासणी कधी, किती टनांपर्यंत गाडी चालेल, पुढची तपासणी कधी.

दोन मुलांची आई

पाटी चालेल. पण तारीख उलटली की पूल त्याच दिवशी बंद झाला पाहिजे, आणि बंद करायला बॅरिकेड नको, भिंत हवी. बॅरिकेड दुसऱ्या दिवशी बाजूला सरकवलेलं असतं.

जुळे सोलापूरकर

आणि भिंत घालायच्या आधी पलीकडे जायचा दुसरा रस्ता तयार हवा, ॲम्ब्युलन्ससाठी तरी. तो असेल तर माझा पूल ठेवायला विरोध नाही. नसेल तर आहेच.